‘गुगलवरून नाव कायमचं पुसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज आमच्या लालबागच्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो:

‘गुगलवर तुमच्याबद्दल जुनी वाईट बातमी दिसते? घाबरू नका. भारतात आता विसरले जाण्याचा अधिकार लागू झाला आहे. एक फॉर्म भरा, ३० दिवसांत गुगलला तुमचं नाव काढावंच लागतं. गुगलवरून गेलं म्हणजे इंटरनेटवरून गेलं. कोर्टातून सुटला असाल तर जुनी बातमी ठेवणं हा गुन्हा आहे. स्वतः जमत नसेल तर एजन्सीला द्या, पहिल्या पानावरून शंभर टक्के हमीने घालवतात. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे इंटरनेटवर आपलं नावच ठेवू नका. गरजूंपर्यंत पोचवा.’

माझ्या मावसभावाने हा मेसेज खरा मानला. तो एका पतसंस्थेत लेखापाल होता. २०१६ साली संस्थेत अपहार उघड झाला आणि संचालकांबरोबर त्यालाही अटक झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात पाच जणांची नावं आली, त्यात त्याचं पूर्ण नाव. २०२१मध्ये न्यायालयाने त्याला आरोपनिश्चितीआधीच दोषमुक्त केलं. ती बातमी कुठेच आली नाही. त्यानंतर दोन स्थळं जुळत आली आणि दोन्ही वेळा मुलीकडच्या कुणीतरी त्याचं नाव गुगलवर टाकून पाहिलं. दुसऱ्या वेळी तर मुलीच्या मामांनी फोनवर मावशीला बातमीचा मथळाच वाचून दाखवला.

मी वकील नाही. फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात बारा वर्षं टायपिंग आणि फायलिंगचं काम करते आहे. त्यामुळे कागद कुठे शोधायचे आणि कुणाला विचारायचं एवढं कळतं. भावासाठी जे वाचलं आणि विचारलं, त्यावरून सांगते की हा मेसेज जवळजवळ प्रत्येक वाक्यात चुकीचा आहे.

‘भारतात अधिकार लागू झाला आहे, फॉर्म भरा.’

हा फॉर्म आहे, पण युरोपसाठी. त्याचं मूळ स्पेनमधल्या मारियो कोस्तेखा गोन्झालेस यांच्या खटल्यात आहे. सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करण्यासाठी त्यांच्या मालमत्तेचा लिलाव ठेवला होता आणि त्याच्या जाहिराती १९९८ साली ‘ला व्हॅन्ग्वार्डिया’ या दैनिकात छापून आल्या होत्या. थकबाकी मिटून वर्षं उलटली तरी त्यांचं नाव शोधलं की त्या जाहिराती वर यायच्या. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की नावाने शोधल्यावर येणारे असे जुने, आता गैरलागू झालेले दुवे काढायला गुगलसारख्या शोधयंत्राला सांगता येतं; यालाच विसरले जाण्याचा अधिकार म्हणतात. दैनिकाचं पान मात्र जागेवरच राहिलं. २०१९मध्ये त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की हे दुवे जगभरच्या निकालांतून काढण्याचं बंधन युरोपीय कायदा घालत नाही. लालबागमधून भरलेला हा फॉर्म आपल्याला काय देणार?

मग आपल्याकडे काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात विसरले जाण्याच्या अधिकाराचा उल्लेख केला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक हित यांच्यापुढे तो थांबतो हेही तिथेच लिहिलं. मेसेज पुढे ढकलणारे पहिला अर्धा भाग उचलतात.

दुसरा आधार सांगितला जातो तो २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. त्याच्या कलम १२मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क खरोखर आहे. पण कलम नीट वाचा. ज्या माहितीच्या वापराला तुम्ही स्वतः संमती दिली होती, तिच्यापुरता तो आहे. वधूवर सूचक संकेतस्थळावर तुम्ही भरलेली माहिती, कर्जाच्या ॲपला दिलेली कागदपत्रं, हे त्यात बसतं. अटकेची बातमी छापताना माझ्या भावाची संमती कुणी घेतली होती? शिवाय या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदी अमलात यायला त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. ‘लागू झाला आहे’ हे शब्दच घाईचे आहेत.

‘कोर्टातून सुटला असाल तर जुनी बातमी ठेवणं हा गुन्हा आहे.’

हे वाक्य सगळ्यांत क्रूर आहे, कारण ते अशा माणसाला उद्देशून आहे ज्याने आधीच पाच-सात वर्षं तारखा मोजल्या आहेत. अटक झाली होती, बातमी खरी होती. खरं वृत्त पुढे अपुरं ठरलं म्हणून ते गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये, म्हणजे पूर्वीच्या ४९९मध्ये, न्यायालयीन कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणं हा बदनामीला अपवाद आहे. बातमीत खोटं असेल तर दिवाणी दावा लावता येतो, पण मुदत कायद्यानुसार त्याला प्रसिद्धीपासून एकच वर्ष मिळतं. तुरुंगातून बाहेर पडून वकील बदलेपर्यंत ते वर्ष संपलेलं असतं.

इंटरनेटवर दिसणाऱ्या निकालपत्रांतून नाव काढण्याबद्दल तर उच्च न्यायालयांतच एकवाक्यता नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकन नागरिकाला अंतरिम दिलासा दिला आणि ते निकालपत्र शोधातून काढायला सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२२च्या डिसेंबरमध्ये उलट भूमिका घेतली: न्यायालय खुलं असतं, त्यामुळे हा अधिकार सरसकट देता येत नाही, कौटुंबिक वादांत मात्र नाव झाकता येईल. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४च्या फेब्रुवारीत एका निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने आदेश दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एवढं सगळं चाललेलं असताना ‘गुन्हा आहे’ असं छातीठोकपणे लिहिणाऱ्याने यातलं एक पानही उघडलेलं नाही.

‘गुगलवरून गेलं म्हणजे इंटरनेटवरून गेलं.’

आमच्या जुन्या चाळीत जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी होती. पाटीवरचं नाव खरवडलं म्हणून खोली रिकामी होत नव्हती. गुगल ही ती पाटी. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवर असते, तिथून ती इतर शोधयंत्रांना दिसते, आणि कात्रणाचा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये असतो.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला उशिरा कळली. आपण नाव रोमन लिपीत टाकून पाहतो, चार स्वच्छ निकाल दिसतात आणि सुटकेचा श्वास टाकतो. मराठी बातमी देवनागरीत असते. तेच नाव देवनागरीत टाका, मग आडनावाआधी वडिलांचं नाव घालून टाका, मग गावाचं किंवा संस्थेचं नाव जोडून टाका. मुलीच्या मामांनी देवनागरीतच शोधलं होतं.

नोकरीच्या बाबतीत तर पाटीचाही उपयोग नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्या न्यायालयांच्या नोंदी थेट पाहतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. तिथे खटला दडवण्यापेक्षा दोषमुक्तीच्या आदेशाची प्रमाणित प्रत हाताशी असणं कामाचं. भावाच्या बाबतीत ती प्रतच त्याने काढलेली नव्हती. पहिलं काम आम्ही ते केलं.

गुगल काहीच काढत नाही असं मात्र नाही. घरचा पत्ता, फोन नंबर, बँक खातं, ओळखपत्राचा क्रमांक, सहीचा फोटो, वैद्यकीय कागद शोधात दिसत असतील तर काढण्याची विनंती करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटोही. आणि ज्या गोष्टीबद्दल हा मेसेज एक शब्द बोलत नाही, तिथे कायदा खरोखर धावून येतो: संमतीशिवाय पसरवलेले खासगी फोटो, व्हिडिओ, चेहरा चिकटवून बनवलेली बनावट चित्रं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारीवर संकेतस्थळांना २४ तासांत मजकूर हटवायला सांगितलं होतं; २०२६मध्ये ही मुदत आणखी कमी केली. ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत तुमचा फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो पाहून फोटो अडवतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. ज्यांचे असे फोटो पसरतात त्या मुली लाजेपोटी आणि असल्या मेसेजवर विसंबून दिवस घालवतात, आणि अशा बाबतीत पहिले काही तासच मोलाचे असतात. ग्रुपवर काही पुढे पाठवायचंच असेल तर हा परिच्छेद पाठवा.

‘एजन्सीला द्या, शंभर टक्के हमी.’

भावाने ४५ हजार रुपये दिले. मावशीने ठेवीची पावती मोडली. त्या बदल्यात चार महिन्यांत कुठल्या कुठल्या अनोळखी संकेतस्थळांवर बारा लेख आले, सगळ्यांत तो ‘मुंबईतील नामवंत वित्ततज्ज्ञ’. तो परळला एका गोदामात हिशेब बघत होता. काही आठवडे बातमी दुसऱ्या पानावर गेली आणि मग परत वर आली. असं का होतं, तेही सांगते. असले लेख ज्या जागांवर छापतात, त्यांना कुणी वाचत नाही, कुणी दुवा देत नाही. वर्तमानपत्राच्या पानाला वर्षानुवर्षांचं वजन असतं. त्यातून मार्च २०२४मध्ये गुगलने घाऊक बनवलेल्या मजकुराविरुद्ध आणि चांगल्या संकेतस्थळांच्या नावावर बाहेरचा मजकूर खपवण्याविरुद्ध आपले नियम कडक केले. एजन्सी विकते तो माल नेमका हाच.

याहून वाईट प्रकार म्हणजे खोट्या कॉपीराइट तक्रारी. बातमीची नक्कल मागची तारीख घालून दुसरीकडे टाकायची आणि ‘मूळ लेख आमचा, वर्तमानपत्राने चोरला’ असं गुगलला कळवायचं. २०२३च्या फेब्रुवारीत ‘फॉरबिडन स्टोरीज’ या पत्रकारांच्या गटाने ‘एलिमिनालिया’ नावाच्या स्पॅनिश कंपनीचे असेच उद्योग उघडकीला आणले. गुगलकडे आलेल्या अशा तक्रारींच्या प्रती हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘ल्युमेन’ या संग्रहात जातात, आणि निकालांच्या तळाशी ‘तक्रारीवरून काही निकाल काढले’ अशी ओळ येते. म्हणजे पुसण्याचा प्रयत्नही नोंदला जातो, आणि खोट्या तक्रारीची जबाबदारी ज्याच्या नावाने ती केली त्याच्या अंगावर येते.

२००३मध्ये अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसंड यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या घराचा हवाई फोटो काढून टाकण्यासाठी ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो फोटो फक्त ६ वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातल्या दोन वेळा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात ४ लाखांहून जास्त लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. भावाच्या एजन्सीने त्याचं नाव आणि ‘घोटाळा’ हे शब्द एकत्र असलेले ‘खुलासे’ही टाकले होते. ते आम्ही एकेक विनंती करून काढून घेतले, अजून दोन बाकी आहेत.

‘इंटरनेटवर आपलं नावच ठेवू नका.’

तुमचं नाव असलेलं इंटरनेटवर एकच पान असेल तर शोधणाऱ्याला तेच दिसणार. भावाचं हेच झालं होतं: ना लिंक्डइन, ना कुठे काही. त्या नावावर बोलणारी एकटी ती बातमी होती. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिहेरी रीत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. सचिन पाटील शेकड्यांनी असतात. वडिलांचं नाव घातलं की तुम्ही वेगळे उमटता, आणि दुसऱ्या सचिन पाटलांचं कर्तृत्व तुमच्या माथी येत नाही. आता शोधयंत्रं चार पानांवरून उत्तर जुळवून देऊ लागल्यापासून नामसाधर्म्याचा घोळ वाढला आहे. सगळीकडे एकच स्पेलिंग, एकच नाव, खरं काम, खऱ्या तारखा. बारा खोट्या लेखांपेक्षा एक खरं लिंक्डइन पान वर येण्याची शक्यता जास्त, कारण त्या पानाला वजन आहे.

भावाने ते केलं. आणि आम्ही मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट केली: वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र. बातमी काढा असं आम्ही म्हटलं नाही. पुढे काय झालं ते त्याच पानावर लिहा, एवढंच मागितलं, आणि आदेशाची प्रमाणित प्रत जोडली. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं मी स्वतः त्यांच्या ऑफिसात नेऊन दिलं आणि पोच घेतली. सात आठवड्यांनी बातमीच्या वरच दोन ओळी आल्या: यातील लेखापालास न्यायालयाने २०२१मध्ये दोषमुक्त केले आहे. गुगलवर तरीही जुनाच उतारा दिसत होता. त्यासाठी जुना झालेला मजकूर ताजा करून घेण्याची विनंती गुगलकडे करता येते, कुणीही करू शकतं, फुकट. ती केली. आता देवनागरीत त्याचं नाव टाकलं की मथळा तोच येतो, आणि त्याच्याखाली ‘दोषमुक्त केले आहे’ हे शब्द दिसतात.