गप्प मुलीला वर्गासमोर उभं कशाला करता?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एका मुलीवरून वाद पेटलाय. वहिनी पुण्यात शिकवते. तिच्या दुसरीच्या वर्गात बिहारहून आलेली एक मुलगी तोंडच उघडत नाही. यावर दादाचा सल्ला, 'रोज उभी करून मराठीत धडा वाचायला लाव. दडपणाशिवाय मुलं बोलत नाहीत.' खाली अंगठ्यांची रांग. मला संताप आला तो त्या अंगठ्यांचा.

मी न्यू जर्सीत प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. इथे नाव घालतानाच घरी कुठली भाषा बोलतात ते लिहून घेतात. नवं मूल सुरुवातीचे काही महिने गप्प राहणार हे धरूनच चालतात, कारण ते ऐकत असतं, साठवत असतं. चित्रावर बोट ठेवलं, पाटीवर लिहून दाखवलं, तरी ते उत्तरच. आधी शेजारच्याशी बोलायचं, मग चौघांत, वर्गासमोर सगळ्यात शेवटी.

ग्वाटेमालाहून आलेला एक मुलगा माझ्या टेबलावर असायचा. हिवाळा सरत आला तरी शब्द नाही. त्याला आम्ही ऊनो हा पत्त्यांचा खेळ खेळायला बसवायचो, त्यात रंग आणि आकडे आले की भागतं. एकदा समोरच्याने भलतंच पान टाकलं आणि हा ताडकन उठून ओरडला, 'नो! यलो!' बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. टाळ्या वाजवल्या असत्या तर तो पुन्हा मिटला असता.

अमेरिकेलाही हे आपसूक सुचलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सगळ्यांना सारखी पुस्तकं दिली म्हणजे सारखं शिक्षण मिळालं असं होत नाही, हे 1974 साली तिथे ठरलं.

'तिकडे पैसा आहे,' दादा म्हणतो. आहेच. पण मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, ते काय अमेरिकेकडून शिकून? परक्या भाषेच्या मुलांना सांभाळून घेणं आपल्याला नवं नाही. मराठी सगळ्या शाळांत सक्तीची करणारा 2020 चा कायदा मला हवाच आहे. त्या मुलीने मराठी शिकलीच पाहिजे. पण भीतीने शिकलेली भाषा ती शाळा सुटताच टाकून देईल.

'तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस,' असंही दादाने लिहिलं. लागलं मला ते. इथल्या मीटिंगमध्ये मी अजून मनात वाक्य जुळवत असते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. आणि माझ्या मराठीत, माझ्याच माणसांत, आता मी बाहेरची. त्या मुलीच्या गप्प बसण्याची मला ओळख आहे.

म्हणून वहिनीला वेगळा फोन केला. म्हटलं, तिच्या आईला बोलाव, हिंदीत बोल. मुलगी घरी बडबडते का ते विचार. बडबडत असेल तर फक्त वेळ दे. घरीही गप्प असेल तर मात्र तज्ज्ञाला दाखवायला सांग. आणि एखादी बोलघेवडी पोरगी तिच्या शेजारी बसव.