बिल्डिंग दिसते, शिक्षक किती टिकतात ते दिसत नाही

महाराष्ट्रात गेल्या दोन-तीन वर्षांत शाळांवरून जेवढे वाद झाले ते सगळे मी दुबईत बसून रोज वाचलेत. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने आरटीईचे म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे नियम बदलले, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना २५ टक्के जागा द्यायची गरज नाही असं ठरवलं, मे महिन्यात हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्दच केला. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर, त्यावरून पेटलेलं रान, आणि शेवटी २९ जूनला माघार. मधल्या काळात राज्य बोर्डात सीबीएसई पॅटर्न येणार म्हणून वेगळी चर्चा. हे वाद महत्त्वाचेच आहेत आणि माझीही त्यावर मतं आहेत, मराठी प्रत्येक शाळेत शिकवलीच पाहिजे आणि पहिलीतल्या लेकरावर तीन भाषा लादू नयेत असं मला मनापासून वाटतं. पण ज्या आईवडिलांना येत्या नोव्हेंबरात पोरासाठी फॉर्म भरायचाय त्यांच्या हातात या सगळ्या चर्चेतून काहीच पडत नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्यात वाकडला राहतो, मुलगी तीन वर्षांची. परवा फोनवर म्हणाला, ताई, चार शाळा बघून आलो, तू सांग कुठली घेऊ. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशर्स पाठवली. मी सगळी नीट वाचली. एसी क्लासरूम, स्विमिंग पूल, रोबोटिक्स लॅब, दोन ठिकाणी हॉर्स रायडिंग, बसमध्ये जीपीएस. एका शाळेने जेवणाचा मेन्यूसुद्धा दिलाय आठवड्याचा. शिक्षकांबद्दल चारही ब्रोशरमध्ये मिळून एक ओळ, की आमचे शिक्षक अनुभवी आणि प्रेमळ आहेत. किती आहेत, काय शिकलेत, गेल्या वर्षी किती सोडून गेले, काही नाही. आणि भावाचा प्रश्न काय, तर एसएससी घेऊ की सीबीएसई.

इथे आमच्याकडे गोष्ट वेगळी आहे. दुबईत सरकारी शाळा मुख्यतः अमिराती मुलांसाठी, त्यामुळे आपल्यासारख्यांना खासगी शाळेशिवाय पर्यायच नाही. दोनशेच्या वर खासगी शाळा आहेत, भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन, आयबी सगळ्या अभ्यासक्रमांच्या. या सगळ्यांवर केएचडीए नावाची सरकारी संस्था लक्ष ठेवते, २००६ मध्ये झाली ती, आणि २००८ पासून तिचे इन्स्पेक्टर शाळांमध्ये जाऊन वर्गात बसून तपासणी करायला लागले. शाळेला आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, वीक असं रेटिंग मिळतं आणि पूर्ण रिपोर्ट ऑनलाइन टाकतात, कुणीही वाचावा.

आम्ही मुलासाठी शाळा शोधत होतो तेव्हा असे बरेच रिपोर्ट वाचले. रेटिंगपेक्षा जास्त कामाचं असतं ते सुरुवातीचं माहितीचं पान. त्यावर विद्यार्थी किती, शिक्षक किती, मदतनीस शिक्षक किती, एका शिक्षकामागे मुलं किती, समुपदेशक किती, आणि त्यातच एक आकडा असतो टीचर टर्नओव्हरचा, म्हणजे वर्षभरात किती टक्के शिक्षक शाळा सोडून गेले. आम्हाला जी शाळा घरापासून जवळ होती आणि जिची इमारत बघून नवऱ्याला फार आवडली होती तिचा हा आकडा एवढा मोठा होता की आम्ही ती यादीतून काढली. पुढे त्याच शाळेत मुलगा असलेल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की एका वर्षात गणिताला तिसरी टीचर आली, दर वेळी पोराची वही पहिल्यापासून तपासायची आणि त्याला काय येतं काय नाही ते नव्याने शोधायचं.

फीचंही तसंच. प्रत्येक शाळेची प्रत्येक इयत्तेची फी केएचडीएकडे नोंदलेली असते आणि ती बघता येते. शाळेला वाटलं म्हणून वाढवता येत नाही, दरवर्षी खर्चाचा निर्देशांक काढून मर्यादा ठरते, २०२५-२६ साठी ती २.३५ टक्के होती. आणि २०२३-२४ ला फीवाढीला परवानगी दिली तेव्हा ज्या शाळेचं रेटिंग घसरलं होतं तिला फी वाढवायला मिळाली नाही. ही अट मला फार आवडते, कारण शिकवणं बिघडलं की शाळेच्या खिशाला लागतं.

आता कुणी म्हणेल की झालं, परदेशात गेली आणि तिथलं कौतुक सुरू केलं. तर दुसरी बाजूही सांगते, ती मी रोज बघते. इथे २५ टक्के राखीव जागा वगैरे काही नाही. परदेशी माणसाच्या मुलाला हक्काची फुकट शाळाच नाही. बायकामुलं आणायला चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि कंपनीचं घर, आणि तेवढ्या पगारात भाडं देऊन दोन पोरांची फी कुणी भरायची? आमच्या बिल्डिंगमध्ये सांगलीकडचे एक जण होते, एसी मेंटेनन्समध्ये, मोठी मुलगी पाचवीत गेली आणि कंपनीने शिक्षण भत्ता बंद केला, त्यांनी बायको-मुलींना गावी पाठवलं आणि स्वतः बॅचलर रूममध्ये शिफ्ट झाले. मुली आता तालुक्याच्या शाळेत आहेत. अशी घरं इथे पुष्कळ आहेत. म्हणून आरटीईच्या जागा कमी करायचा घाट घातला गेला तेव्हा मला खरंच राग आला होता, कारण ज्या देशात तो हक्क नाही तिथे काय होतं ते माझ्या डोळ्यासमोर आहे. वाकडच्या त्या मोठ्या शाळेत ड्रायव्हरच्या मुलाला बसायला कायद्याने बाक मिळतो ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये.

आणि इथलं रेटिंगही शंभर टक्के निर्दोष आहे असं नाही. इन्स्पेक्शन जवळ आलं की शाळेत धावपळ, भिंतींवर नवे चार्ट, शिक्षकांना रात्री उशिरापर्यंत फाइली. २०२४-२५ मध्ये तर केएचडीएने पूर्ण तपासण्या थांबवल्या, फक्त तिसऱ्या वर्षात आलेल्या नवीन शाळांच्या केल्या. तरी माहिती उघड करायची सवय लागलीय ती लागलीय. पालक मीटिंगला गेले की पहिला प्रश्न शिक्षकांबद्दलच विचारतात आणि शाळेलाही त्यात काही गैर वाटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला की समोरचा बघत राहतो. भावाने माझ्या सांगण्यावरून एका शाळेत विचारलं, गेल्या वर्षी प्रायमरीचे किती शिक्षक गेले, तर अ‍ॅडमिशन काउंसेलर म्हणाली, सर ही इंटर्नल माहिती आहे. माझी शाळेतली मैत्रीण पुण्यातच एका नावाजलेल्या खासगी शाळेत शिकवते, अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट, मे महिन्याचा पगार नाही, दरवर्षी जूनमध्ये परत सही. बीएड आहे, बारा वर्षांचा अनुभव आहे, आणि पगार एवढा की संध्याकाळी घरी ट्यूशन घेतल्याशिवाय भागत नाही. शाळा एका मुलामागे जी फी घेते ती माहिती असेल तर हा हिशोब करून बघा, पैसा वर्गात पोचतोय की कमानीवर खर्च होतोय ते कळतं. भाड्याचं घर बघताना आपण पाणी किती वेळ येतं, लिफ्ट चालते का सगळं खोदून विचारतो, आणि लाखभर रुपये भरून जिथे पोरगं दहा-बारा वर्षं जाणार तिथे शिक्षकांचं विचारायला लाजतो.

खरं तर थोडी माहिती आपल्याकडेही उघड आहे, लोक बघत नाहीत एवढंच. सीबीएसईच्या प्रत्येक शाळेला वेबसाइटवर मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर नावाचं पान ठेवावं लागतं, त्यात एकूण शिक्षक किती, एका तुकडीमागे किती, स्पेशल एज्युकेटर आहे का, तीन वर्षांचे निकाल, अग्निसुरक्षेचं सर्टिफिकेट हे सगळं असतं. भावाच्या चारपैकी दोन शाळा सीबीएसईच्या, एकीचं ते पान नीट भरलेलं सापडलं आणि दुसरीच्या पानावरच्या अर्ध्या लिंक उघडतच नव्हत्या. मी त्याला म्हटलं, ही दुसरी यादीतून काढ, ज्यांना कागद लावता येत नाहीत ते तुला उद्या काय उत्तर देणार. बोर्ड कुठलं हा प्रश्न मी तरी दुसऱ्या नंबरवर ठेवीन. चौथीपर्यंत वाचता-लिहिता-गणित करता यायला चांगली टीचर लागते, आणि ती राज्य बोर्डाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत असेल तर पोरगी तिथे घाला, मी स्वतः साताऱ्यात तशाच शाळेत शिकले आणि आज इथे अकाउंट्सची टीम सांभाळते.

फीबद्दल महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे, पालक-शिक्षक संघाच्या समितीची मान्यता लागते त्यात. पण तक्रार करायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, आणि स्वतःचं लेकरू त्याच शाळेत बसलेलं असताना एवढे पालक सह्या करायला कुठून आणायचे? इथे फीचा आकडा ठरतानाच सरकार मध्ये असतं, पालकाला भांडायला जावं लागत नाही.

यासाठी नवीन काही शोधायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच प्रत्येक राज्यात शाळांच्या दर्जावर लक्ष ठेवणारं स्वतंत्र प्राधिकरण असावं आणि शाळांनी माहिती जाहीर करावी असं लिहिलंय, खासगी-सरकारी दोन्हींसाठी. शाळा दरवर्षी युडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीत, शिक्षकांची माहिती भरतातच. शालेय शिक्षण विभागाने त्यातून प्रत्येक शाळेचं एकच पान काढावं, शिक्षक किती, त्यांचं शिक्षण काय, मागच्या वर्षीचे किती टिकले, आणि इयत्तेप्रमाणे पूर्ण फी, बस आणि युनिफॉर्म धरून. मराठीत काढावं, आणि ऑक्टोबरच्या आत, नर्सरीचे फॉर्म सुटायच्या आधी.