चिंपांझी आपला आजोबा नाही हो काका, भावकी आहे

गेल्या आठवड्यात तो मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. 'डार्विन खोटा ठरला, शास्त्रज्ञांकडे उत्तर नाही', खाली सात मुद्दे, त्याखाली जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'. पाठवणारे वरच्या मजल्यावरचे काका, अत्यंत सज्जन माणूस, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब रुपयाला रुपया जुळवून देतात, म्हणून दोनदा मी गप्प बसले. पण मी अकरावी-बारावीला बायो शिकवते, आणि या वेळी माझ्याच वर्गातल्या एका मुलीने तोच मेसेज मला पाठवून खाली विचारलं, मॅडम हे खरंय का? मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, डार्विनने मांडलेली उत्क्रांती, म्हणजे जुन्या पूर्वजांपासून पिढ्यानपिढ्या बदलत नवे जीव होणं, कशी खोटी ते त्यात आहे: माणूस माकडापासून झाला तर अजून माकडं का आहेत, मधले प्राणी सापडलेच नाहीत आणि जे सापडले ते फ्रॉड निघाले, हे होताना कुणी पाहिलंय, एवढं गुंतागुंतीचं शरीर योगायोगाने कसं बनेल, ही तर नुसती 'थिअरी' आहे, डार्विनने मरताना चूक कबूल केली, आणि शेवटचा मुद्दा म्हणजे दशावतारात हे आपण आधीच सांगितलंय.

पहिल्यापासून घेऊ. 'अजून माकडं का आहेत?' हा सगळ्यात फेमस. काका, तुमच्याकडे तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, तुम्हीच मला एकदा दाखवला होता, त्यात मागे घडीचा मोठा वंशवृक्ष आहे. तुमच्या पणजोबांच्या वेळी एक शाखा पुण्याला आली, एक राजापूरलाच राहिली. आता तुम्हाला कुणी विचारलं का, की तुम्ही पुण्यात आलात तर राजापुरात अजून तुमचे लोक का आहेत? आणि तुम्ही काही राजापूरच्या भावकीपासून 'झाला' नाहीत, तुम्ही आणि ते दोघंही त्या वरच्या पणजोबांपासून झालात. चिंपांझीचं तसंच. त्याचा आणि आपला समाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता, तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. सिंहगडावर तुमच्या हातातलं कणीस हिसकावतं ते माकड तर आणखी लांबची शाखा, तिथपर्यंत जायला अडीच-तीन कोटी वर्षं मागे जावं लागतं.

यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, मराठीत आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो. शेपटीवाले वेगळे आणि बिनशेपटीचे एप, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन, हे वेगळे. भारतात एप म्हणाल तर फक्त ईशान्येकडचा हूलॉक गिबन, त्यामुळे आपल्याकडे तो शब्दच रोजच्या बोलण्यात आला नाही. आणि बाकीचा दोष त्या चित्राचा, टीशर्टवर असतं ना, डावीकडे वाकलेलं माकड आणि उजवीकडे ताठ माणूस, सगळे एका रांगेत. ती रांग 1965 मध्ये एका चित्रकाराने काढली आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की उत्क्रांती म्हणजे प्रमोशन. माझं तर म्हणणं आहे की त्या फॉरवर्डमधले निम्मे मुद्दे त्या एका चित्रातून आलेत.

आता 'मधले प्राणी सापडलेच नाहीत'. हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण आता अडचण उलटी आहे, इतके सापडलेत की कुणाला कुठल्या शाखेवर बसवायचं यावर भांडणं चालतात. 1974 मध्ये इथिओपियात हदर इथे ल्युसी नाव दिलेल्या मादीची हाडं मिळाली, 32 लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा साधारण 40 टक्के भाग. मेंदू चिंपांझीएवढाच पण कंबर आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचा. टांझानियात लेटोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं तर 36 लाख वर्षांपूर्वीची आहेत आणि अंगठा आपल्यासारखा बाकीच्या बोटांच्या रांगेत, चिंपांझीसारखा बाजूला नाही. म्हणजे आधी दोन पायांवर चालणं आलं आणि मोठा मेंदू खूप नंतर, हे कुणी घरात बसून ठरवलेलं नाही, हाडांनी सांगितलं. 1984 मध्ये केनियात तुर्काना तलावाजवळ मिळालेला एका मुलाचा सांगाडा, 15-16 लाख वर्षांपूर्वीचा, मानेखाली जवळजवळ आपल्यासारखा आणि डोकं अजून लहान. यापेक्षा 'मधला' अजून कसा हवा?

आणि फ्रॉड म्हणाल तर हो, पिल्टडाउनचा झाला होता. 1912 मध्ये इंग्लंडमध्ये माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र करून जगाला फसवलं. पण पकडलं कुणी? शास्त्रज्ञांनीच, 1953 मध्ये, हाडांची रासायनिक तपासणी करून, आणि त्याआधीपासून संशय होताच कारण आफ्रिकेत जे खरे जीवाश्म निघत होते त्यात तो कुठेच बसत नव्हता. बनावट नोटा पकडल्या गेल्या म्हणून रिझर्व्ह बँक खोटी ठरते का?

हे सगळं आफ्रिकेतलं झालं, आपल्याकडे काय, असं वाटत असेल तर नर्मदेच्या काठी हथनोरा इथे 1982 मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं तर साधारण 15 लाख वर्षांची निघाली. आणि आपल्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी कुऱ्हाडी मिळाल्या, त्यावर डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बरंच काम केलंय. राखेच्या वयावरून वाद आहे आणि तो जोरदार आहे, पण ती कुऱ्हाड कुणीतरी घडवली यावर वाद नाही.

बरं, सगळे जीवाश्म घटकाभर बाजूला ठेवा. काका, गेल्या पावसाळ्यात तुम्ही पार्किंगमध्ये घसरून पडलात आणि महिनाभर ती मधे भोक असलेली उशी घेऊन बसत होतात, काय दुखावलं होतं? माकडहाड. आपल्या आजी-पणज्यांनी डार्विन न वाचताच त्या हाडाला नाव देऊन ठेवलंय. पोटातल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत छोटी शेपटी असते, मग ती विरते आणि मणक्यांचे ते चार-पाच जुळलेले तुकडे मागे राहतात.

याहून मला आवडतो तो आवळ्याचा पुरावा. आपल्याला क जीवनसत्त्व खावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो. पण खाली वॉचमनच्या खोलीजवळ झोपणाऱ्या मोतीला कुणी कधी लिंबू-आवळा दिलाय का? कुत्र्याचं यकृत ते स्वतः बनवतं. आपल्यातही ते बनवणारा जीन, म्हणजे डीएनएमधली ती कृती, आहे, फक्त मोडका. आणि माकडांत आणि एपमध्येही तो तसाच मोडका आहे, त्यातल्या कितीतरी चुका आपल्या आणि चिंपांझीच्या अगदी त्याच जागी. आता मी बावीस वर्षं पेपर तपासतेय. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी असली तर मी काही म्हणत नाही, बरोबर उत्तर एकच असतं. पण दोघांनी 'मायटोकाँड्रिया' एकाच प्रश्नात, त्याच ओळीत, तसंच चुकीचं लिहिलं की मी दोघांना बोलावते. गिनीपिगचाही हाच जीन बिघडलाय, पण त्यातल्या चुका वेगळ्या, म्हणजे त्याने स्वतंत्रपणे चुका केल्या, कॉपी नाही.

अजून एक घ्या. गुणसूत्रं म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या. आपल्या 23 जोड्या, चिंपांझी-गोरिलाच्या 24. भावकी एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? गायब झाली असती तर जगलोच नसतो. म्हणजे दोन कुठेतरी जुळलेली असणार. आणि आपलं 2 नंबरचं गुणसूत्र पाहिलं तर गुणसूत्राच्या टोकाला असणारा खास डीएनए त्याच्या मधोमध सापडतो, शिवणीसारखा.

'हे होताना कुणी पाहिलंय?' हा मुद्दा 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही औरंगाबादला मांडला होता, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून त्याला लेखी उत्तर दिलं होतं. मला गंमत याची वाटते की ते आधी आपल्या पुण्याचे पोलीस आयुक्त होते, आणि सगळ्या गुन्ह्यांना प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागला असता तर पोलिसांचं काय झालं असतं? वेताळ टेकडीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो वाहताना बघायलाही कुणी नव्हतं. आणि छोट्या जीवांत तर आपण रोज पाहतो. टीबीचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात ते काय आहे? 2021 च्या शेवटी कोविडच्या विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला तो काय होता?

कोविडवरून आठवलं, निअँडरथल नावाची आपली जी नामशेष भावकी आहे तिचा थोडा डीएनए, साधारण 1 ते 2 टक्के, आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या लोकांत आहे. ते ज्यांनी वाचून दाखवलं त्या स्वांते पाबो यांना 2022 चं नोबेल मिळालं. त्यांनीच 2020 मध्ये दाखवलं की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा 3 नंबरच्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलकडून आलाय आणि दक्षिण आशियात तो साधारण निम्म्या लोकांत आहे. म्हणजे आपल्या ग्रुपवर हा मेसेज वाचून हात जोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांत.

'योगायोगाने कसं बनेल?' योगायोगाने नाहीच बनत. बदल कुठेही कसेही होतात हे खरं, पण कोण टिकणार ते योगायोगाने ठरत नाही. उद्या मंडईत गेलात की एका गाळ्यावर कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल शेजारी शेजारी बघा. तिन्ही एकाच जातीची झाडं आहेत, ब्रोकोलीसुद्धा. कुणी पानं गच्च असलेल्याचं बी राखलं, कुणी जाड बुंध्याच्या रोपाचं, कुणी फुलांच्या गड्ड्याचं, आणि काही शतकांत एवढा फरक. निसर्गात बी राखणारा शेतकरी नसतो, दुष्काळ, रोग आणि भक्षक असतात, आणि त्यांच्याकडे शतकं नाही, कोट्यवधी वर्षं असतात.

'थिअरी' वर मी वेळ घालवत नाही, रोगजंतूंचीही थिअरीच आहे, तरी ऑपरेशनच्या आधी सर्जनने हात धुवावेत असंच आपल्याला वाटतं ना?

डार्विन 1882 मध्ये वारला. त्याने मरताना माघार घेतली ही गोष्ट लेडी होप नावाच्या बाईंच्या नावाने 1915 मध्ये अमेरिकेत छापून आली, तेहेतीस वर्षांनी, आणि डार्विनच्या मुलीने 1922 मध्ये लिहून टाकलं की बाई शेवटच्या आजारपणात तिथे नव्हत्याच. आणि समजा घेतली असती माघार, तर माकडहाड गळून पडलं असतं का?

दशावताराबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, आमच्याही घरी रामनवमी होते. फक्त एवढंच, की सहा मुद्दे उत्क्रांती खोटी म्हणून सांगायचं आणि सातव्यात ती आमचीच म्हणायचं, यातलं एक काहीतरी ठरवा.

हे ग्रुपवर टाकल्यावर काल काका लिफ्टमध्ये भेटले. रागावले नव्हते. चौथ्या मजल्यापर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "अगं पण मग आत्ताची ही माकडं पुढे कधीतरी माणूस होतील की नाही?" म्हटलं नाही हो काका, ती काही आपल्यामागे लाइनमध्ये उभी नाहीयेत, ती त्यांच्या त्यांच्या वाटेने बदलतायत. "बरं," म्हणाले, आणि उतरताना मनगट पुढे करून, "ते अंगठा-करंगळी जुळवून शीर बघायचं काय असतं, ते पण त्यातलंच का?" म्हटलं हो, पण ती शीर नाही, स्नायूची दोरी असते, काहींच्या हातात असते आणि काहींच्या नसते, नसली तरी काही अडत नाही, प्लास्टिक सर्जन तर ती काढून दुसरीकडे वापरतात. काकांच्या उजव्या हातात आहे, डाव्यात नाही. आता काकूंचं बघायचंय म्हणाले.