सुनावणी आधी हवी

जनुक बदललेल्या बीटी वांग्याला स्थगिती देण्याआधी, २०१० च्या सुरुवातीला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. एक नागपुरातही झाली. पण बियाणं तोवर तयार होऊन मंजुरीच्या उंबरठ्यावर आलेलं होतं. त्या टप्प्यावर माणूस बाजूने बोलतो नाहीतर विरोधात. साधी शंका विचारायला जागाच उरत नाही. जनुक बदलण्यावरचा आपला वाद अजून तिथेच अडकलाय. एकाला दुसरा कंपन्यांचा दलाल वाटतो, दुसऱ्याला पहिला विज्ञानाचा शत्रू.

मी बोस्टनजवळच्या एका विद्यापीठात प्रथिनांवर काम करते. एखाद्या एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक घ्यायचं, मुद्दाम चुका होतील अशा पद्धतीने त्याच्या नकला काढायच्या, त्या ई. कोलाय जिवाणूंत घालायच्या आणि रात्रभर ३७ अंशांवर वाढवायच्या. सकाळी प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती दिसतात. एकेक उचलून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकायची आणि कुठे पिवळा रंग लवकर चढतो, म्हणजे कुठलं एन्झाइम जास्त जोमाने काम करतं, ते बघायचं. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते प्रथिनं अशी निवडत निवडत सुधारण्यासाठीच.

जनुक नेमकं कोणत्या जिवाणूत गेलं हे कळावं म्हणून सोबत अँटिबायोटिकला दाद न देणारं एक जनुकही घालतात. अशा प्रयोगांवर नजर ठेवणाऱ्या आमच्या जैवसुरक्षा समितीतल्या एका बाईंनी त्यावरच बोट ठेवलं. त्या विद्यापीठाच्या नाहीत, जीवशास्त्र शिकलेल्याही नाहीत. ‘हे सिंकमधून बाहेर गेलं तर?’ सगळं १२१ अंशांच्या वाफेत मारतो, एवढ्या उत्तरावर त्यांचं समाधान झालं नाही. हातमोजे, पिपेटची टोकं, सांडलेला थेंब, सगळ्याचं काय करतो ते लेखी द्यावं लागलं. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आमच्यातल्या कुणी विचारलंच नसतं.

अशा समितीत परिसरातले निदान दोन बाहेरचे सभासद हवेतच, असा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा नियम आहे. हार्वर्डमध्ये जनुकं जोडण्याची प्रयोगशाळा होणार म्हटल्यावर १९७६ मध्ये बोस्टनशेजारच्या केंब्रिजचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी शास्त्रज्ञांना नगरपरिषदेत बोलावून फैलावर घेतलं. जोखमीचे प्रयोग थांबवले, सामान्य नागरिकांची समिती नेमली. समितीने नीट माहिती घेऊन अटींसह परवानगी सुचवली आणि १९७७ मध्ये शहराने तसा नियम केला. त्याच केंब्रिजमध्ये आज पावलोपावली बायोटेक कंपन्या आहेत. लोकांनी प्रश्न विचारले म्हणून संशोधन बुडालं नाही.

शेतातल्या पिकांबाबत इथेही बड्या कंपन्यांचंच चालतं, आणि त्यावरची आपल्याकडची टीका मला पटते. बंद टाकीतला सूक्ष्मजीव आणि उघड्या शेतातलं बियाणं एकाच मापाने मोजणं मात्र पटत नाही. हैदराबादच्या शांता बायोटेकची हिपॅटायटिस-बीची लस १९९७ मध्ये आली, ती जनुक बदललेल्या यीस्टमधूनच.

भारतातल्या संस्थांतही जैवसुरक्षा समित्या असतात, बाहेरचा सभासदही असतो. पण तो तज्ज्ञ असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या बायोई-३ या जैवतंत्रज्ञान धोरणाने सूक्ष्मजीवांकडून उत्पादन करून घेण्यावर भर दिलाय. कारखाने उभे राहण्याआधीच त्या समित्यांत आसपासची दोन माणसं बसवा. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि ते इतिवृत्त मराठीत, कुणालाही वाचता येईल असं दारावर लावा.