जहाजांमागच्या ढगरेषा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. समुद्रावरच्या ढगांत दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा म्हणजे जहाजांचा निव्वळ धूर आहे, आणि तसे नसते तर मुंबईसमोरच्या गजबजलेल्या समुद्रावरही त्या ठळकपणे दिसल्या असत्या, असे आपण लिहिले आहे. यातला दुसरा मुद्दा मला मोलाचा वाटतो.

आधी धुराविषयी. धुराचा लोट थोड्याच अंतरावर विरतो. या रेषा शेकडो किलोमीटर लांब असतात आणि जहाज पुढे गेल्यावरही कित्येक तास टिकतात. इंधनातल्या गंधकापासून हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात आणि ढगातले बाष्प त्यांच्यावर साचते. तेवढेच पाणी जास्त थेंबांत वाटले गेल्याने प्रत्येक थेंब लहान राहतो, थेंबांचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि ढग अधिक उजळ होतो. वातावरणशास्त्रज्ञ शॉन ट्वोमी यांनी 1970च्या दशकात हे कारण मांडले. उपग्रहांच्या सुमारे 3.7 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या चित्रांत या रेषा विशेष उठून दिसतात, कारण तिथे लहान थेंब मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश परतवतात. नुसता धूर तिथे जवळजवळ पारदर्शक असतो.

आता मुंबईचा प्रश्न. रेषा उमटायला खाली पसरलेला, पातळ, सलग ढग लागतो आणि त्यातली हवा स्वच्छ असावी लागते. कॅलिफोर्निया, पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांसमोर थंड पाण्यावर असा ढग दिवसेंदिवस टिकतो. आपल्याकडे पावसाळ्यात ढग उंच आणि दाट असतात. हिवाळ्यात बहुधा आकाश निरभ्र असते, आणि जमिनीवरून येणारा वारा इतके कण घेऊन येतो की जहाजांनी घातलेली भर त्यात वेगळी ओळखू येत नाही. आपण पुण्यातले आहात म्हणून सांगतो: पाषाणच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) 2009 पासून विमानांतून ढगांतले थेंब मोजले, तेव्हा प्रदूषित हवेतल्या ढगांत थेंब संख्येने जास्त आणि आकाराने लहान असल्याचेच आढळले. म्हणजे आपल्याकडे ही प्रक्रिया घडतच असते. फक्त ती रेषेच्या रूपात दिसत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र 1 जानेवारी 2020 नंतर मिळाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणली आणि उपग्रहचित्रांतल्या रेषा ठळकपणे घटल्या. महासाथीमुळे त्या वर्षी वाहतूकही रोडावली होती, हे खरे. पण ती सावरल्यानंतरही रेषा कमीच राहिल्या. जहाजे आजही धूर सोडतच आहेत, त्या धुरातले गंधक तेवढे कमी झाले आहे.