थर्मोस्टॅट गेलाय, मॅडम

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातील पहाट १० अंशांच्या आसपास उतरली आणि नेमका तोच मुहूर्त साधून आमच्या बाथरूममधील १५ लिटरच्या गीझरने कोमट पाणी द्यायला सुरुवात केली. तो सरळ बंद पडला असता तर मला एवढा संताप आला नसता, कारण बंद पडलेल्या यंत्रापुढे कोणी वाद घालत बसत नाही. हा मात्र चालू होता. बटण दाबले की लाल दिवा लागायचा, सहा मिनिटांत विझायचा, चार मिनिटांनी आपण होऊन पुन्हा लागायचा आणि मिनिटभरात पुन्हा विझायचा. नवऱ्याने मत दिले की मी बटण वेळेवर लावत नसेन. सासूबाईंनी सांगितले की त्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता, त्यात दोन लाकडे सारली की पाणी कढत व्हायचे आणि बंबाला कधी मिस्त्री लागल्याचे त्यांनी ऐकले नाही. दोघांच्या मतांपैकी सासूबाईंचे मत अधिक उपयोगाचे ठरले, पण ते पुढे येईलच.

मी केकसाठी आणलेला डिजिटल थर्मामीटर बादलीत धरला. टाकीत जाणारे पाणी २२ अंश होते आणि दिवा विझल्यावर नळातून येणारे पाणी ३४ अंश. आता २,००० वॅटच्या कॉइलने १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटे लागतात. हे आठवी-नववीच्या विज्ञानातील गणित आहे. सहा मिनिटांत ते पाणी ११-१२ अंशांनी तापायला हवे, आणि तेवढेच तापत होते. याचा अर्थ कॉइल आपले काम नेकीने करत होती, फक्त तिला कोणीतरी वेळेआधी थांबवत होते. हे सगळे मी वहीत वेळेसकट लिहून ठेवले. माझी समजूत अशी होती की दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला ही वही पाहून बरे वाटेल. माझ्या भाबडेपणाची किंमत पुढे रुपयांत दिली आहे.

तक्रार नोंदवण्याचा सोहळा सर्वांना पाठ असल्याने तो मी थोडक्यात आटोपते. मराठीसाठीचा अंक दाबल्यावर हिंदी बोलणाऱ्या बाईंनी तक्रार इंग्रजीत लिहून घेतली आणि परवा सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत माणूस येईल, असे कळवले. सकाळी १० ते संध्याकाळी ६ याला वेळ म्हणत नाहीत, याला नोकरी म्हणतात, आणि ती नोकरी करता यावी म्हणून मला माझ्या नोकरीवर रजा टाकावी लागली. माणूस पावणेसहाला आला. दारातच त्याने विचारले, "सर आहेत का घरी?" सर घरी नव्हते, आणि असते तरी सरांना गीझर आणि मिक्सर यांतला फरक तेवढा सांगता आला असता. मी वही पुढे केली. त्याने वहीकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी त्याला माझ्या कविता ऐकवणार होते. मग नळाखाली दोन बोटे धरली, हात पँटला पुसला आणि निदान जाहीर केले : "थर्मोस्टॅट गेलाय, मॅडम."

दोन बोटांनी हे कसे कळले, हा माझा पहिला प्रश्न होता आणि आजही आहे. गीझरमधील थर्मोस्टॅट ही काही अगम्य वस्तू नव्हे. आमच्या गीझरमध्ये तर ती अगदी साधी आहे : द्रवाने भरलेली तांब्याची एक बारीक नळी, तिच्या टोकाला पेन्सिलीएवढी कुपी, आणि ती कुपी टाकीत शिरलेल्या एका बंद तांब्याच्या खिशात बसवलेली. पाणी तापले की द्रव फुगतो, फुगला की तो वरचा पडदा ढकलतो, पडदा हलला की संपर्क तुटतो आणि वीज थांबते. थर्मोस्टॅट हे नाव अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये आपल्या पेटंटात वापरले, म्हणजे या वस्तूला आता दोनशे वर्षे होत आली. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वीज बंद करून, विजेचा रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन पिना तिच्या दोन टोकांना लावल्या की गार अवस्थेत रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. त्याच पिना कॉइलला लावल्या तर २,००० वॅटच्या कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास दिसला पाहिजे. कॉइल आणि तिचे धातूचे आवरण यांच्यात मात्र जोडणी मुळीच दिसता कामा नये. दिसली तर अंघोळ करणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. तीन मोजमापे, पाच मिनिटे. मी त्या माणसाला विचारले की मल्टिमीटर आणला आहे का. त्याने मोठ्या सहनशीलतेने सांगितले, "मॅडम, पंधरा वर्षांचा एक्सपीरियन्स आहे."

त्या एक्सपीरियन्सने नवा थर्मोस्टॅट बसवला. गीझर घेऊन तीन वर्षे चार महिने झाले होते. हमी टाकीला सात वर्षांची, कॉइलला तीन वर्षांची आणि बाकी सगळ्याला दोन वर्षांची असल्याने, बिघडलेला भाग नेहमीप्रमाणे 'बाकी सगळ्यात' निघाला. भेटीचे ३९९, थर्मोस्टॅटचे ७८०, वर १८ टक्के जीएसटी, असे १,३९१ रुपये झाले. जुना भाग तो पिशवीत टाकत होता, तो मी मागून घेतला. द्यायला तो का नाखूश होता, हे तेव्हा मला कळले नाही. मग त्याने मोबाइलवर आलेला हॅपी कोड मागितला. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : तक्रार मिटली आणि आपण आनंदी झालो, हे कंपनीला कळवणारे हे चार आकडे असतात, आणि ते पाणी तापायच्या आत द्यायचे असतात. मी दिले. बाहेर काळोख झाला होता, त्याला अजून दोन घरे करायची होती, आणि आपल्याकडे दारात उभ्या माणसाला ताटकळत ठेवायचे नाही असे शिकवलेले असते. हाच तो क्षण, ज्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, आणि तो राग माझा माझ्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी तापले. इतके तापले की सासूबाईंनी नळ सोडताच बाथरूम वाफेने भरले आणि त्या "अगं बाई" म्हणून मागे सरल्या, म्हणून हात वाचला. बादलीत थर्मामीटर ८३ अंश दाखवत होता. ६० अंशांचे पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी गंभीर भाजू शकते. ८३ अंशांना तेवढीही सवड नसते. तीन वर्षे त्याच गीझरखाली डोळे मिटून तांब्या बुडवणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या घरात एका माणसाने न मोजता यंत्र उघडले, न मोजता बंद केले आणि तो हॅपी होऊन निघून गेला. त्या संध्याकाळी गीझर पूर्ण बंद पडला. म्हणजे पाणी अति तापल्यास वीज तोडायला आत बसवलेल्या कटआउटने ती तोडली. संपूर्ण कथेत आपले काम वेळेवर आणि न सांगता करणारा तो एकटाच.

पहिली तक्रार 'समाधानाने मिटलेली' असल्याने दुसरी नव्याने नोंदवावी लागली, आणि भेटीचे ३९९ रुपये नव्याने लागू झाले. हा दुसरा माणूस तरुण होता, नम्र होता, आणि त्याने कटआउटवरचे लाल बटण पेचकसाने दाबून, "झालं, मॅडम, ट्रिप झाला होता," एवढेच सांगितले. का ट्रिप झाला, हे त्याला विचारले तेव्हा त्याने पिशवीत हात घातला. मला वाटले, अखेर मल्टिमीटर निघतो आहे. निघाले टीडीएस मोजायचे यंत्र. ते त्याने आमच्या पेल्यात बुडवले, आकडा माझ्यापुढे नाचवला आणि पाणी किती जड आहे, त्यासाठी सॉफ्टनर किती आवश्यक आहे आणि जुना गीझर देऊन नवा घेतल्यास किती सूट आहे, हे सांगायला सुरुवात केली. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार, आणि पाण्याचा जडपणा म्हणजे त्यांतील मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम; एकावरून दुसरे ठरत नाही, हे मी त्याला सांगून पाहिले. पण माझा संताप त्या अज्ञानाचा नव्हता. कंपनी आपल्या माणसाच्या पिशवीत मोजण्याचे यंत्र देते, ते नेमके विकण्यासाठी लागणारे देते, आणि बिघाड शोधण्यासाठी लागणारे, बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारे यंत्र देत नाही, याचा तो संताप होता. त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला दिवसाला किती घरे करायची आहेत, ते त्याच्या मोबाइलवर सतत वाजत होते.

शेवटी सोसायटीच्या जुन्या वायरमनना बोलावले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी आधी एमसीबी पाडली, मग टेस्टर लावून वीज खरोखर गेली आहे का हे पाहिले, मग चष्मा पुसला आणि मग माझी वही मागितली. वही वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कॉइल ठीक आहे तुमची, ताई. आत दगड झालाय." त्यांनी टाकी रिकामी केली, खालची झाकणपट्टी सोडवली आणि कॉइल बाहेर ओढली. ती कॉइल नव्हतीच. पोवळ्याच्या फांदीसारखे पांढरे-पिवळे, खरखरीत काहीतरी बाहेर आले आणि त्याचे टवके घमेल्यात पडू लागले. निम्मे घमेले भरले. आमच्या भागात वर्षातले सात-आठ महिने बोअर आणि टँकर यांच्यावरच भागवावे लागते, आणि बेसाल्टच्या भेगांतून उपसलेले ते पाणी तापले की त्यातला चुना कॉइलवर बसतो. मॅग्नेशियमच्या ज्या कांडीने टाकीला गंजण्यापासून वाचवायचे, तिची आतली तारच तेवढी शिल्लक होती. आणि कॉइलच्या शेजारी असलेला थर्मोस्टॅटचा खिसा कॉइलसकट एकाच क्षारात चिणला गेला होता.

मग सगळा उलगडा झाला. कॉइलची धग पाण्यात जाण्याआधी त्या क्षाराच्या पुलावरून थेट खिशात पोहोचत होती, म्हणून पाणी ३४ अंशांवर असतानाच बिचाऱ्या थर्मोस्टॅटला वाटत होते की ते ६० अंशांवर पोहोचले. जुन्या थर्मोस्टॅटला फसवले जात होते. आणि नव्याची कुपी पंधरा वर्षांच्या एक्सपीरियन्सने खिशात पुरती सारलीच नव्हती. ती अर्धी बाहेर लोंबत होती, थंड जागेत, आणि पाणी ८३ अंशांवर गेले तरी तिला पत्ता नव्हता. सासूबाईंच्या बंबात दर दिवाळीआधी चिंच घालून उकळत असत म्हणे, आतला चुना सुटावा म्हणून. जी गोष्ट बंब वापरणाऱ्या घराला ठाऊक होती ती गीझर विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपुस्तकात एका ओळीत, बारीक अक्षरांत, "पाण्याच्या प्रतीनुसार ठरावीक काळाने सेवा घ्यावी" अशी लिहिलेली आहे. ठरावीक म्हणजे किती, ते ठरवायचे कोणी?

अण्णांनी कॉइल सौम्य आम्लात बुडवून स्वच्छ केली, नवी कांडी आणि नवे रबरी वायसर घातले, कुपी तळापर्यंत सारली, तिन्ही मोजमापे घेतली आणि प्रत्येक आकडा मला दाखवला. त्यांनी सामानासकट ६५० रुपये घेतले आणि पाणी ६० अंशांवर येऊन दिवा विझेपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. एकोणीस मिनिटे लागली. चहा त्यांनी घेतला नाही.

त्या रात्री मी पिशवीतून जुना, 'गेलेला' थर्मोस्टॅट काढला. गॅसवर पातेल्यात पाणी ठेवले, त्यात त्याची कुपी बुडवली, शेजारी थर्मामीटर धरला आणि अण्णांकडून एका रात्रीपुरता मागून आणलेला, जोडणी असली की वाजणारा मल्टिमीटर दोन टोकांना लावला. चाळीस, पन्नास, पंचावन्न अंशांपर्यंत मल्टिमीटर एकसारखा वाजत होता. ६० अंशांना थर्मोस्टॅटमधून टिक असा आवाज आला आणि मल्टिमीटर गप्प झाला. गॅस बंद केला, पाणी निवत गेले, ५३ अंशांना पुन्हा टिक झाले आणि मल्टिमीटर पुन्हा वाजू लागला. मी हे तीनदा करून पाहिले. तिसऱ्यांदा सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, "मग तो माणूस गेलाय गेलाय काय म्हणत होता?"

दुसऱ्या तक्रारीचा हॅपी कोड अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. कंपनीतून रोज फोन येतो की कोड दिल्याशिवाय तक्रार बंद करता येत नाही. मी दर वेळी विचारते की पहिल्या माणसाकडे मल्टिमीटर का नव्हता, आणि दर वेळी मला सांगितले जाते की त्यासाठी नवी तक्रार नोंदवावी लागेल, भेटीचे ३९९ रुपये वेगळे.