खोक्यावर डीपीआय, आत गंज

गेमिंग माउसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? १६,००० डीपीआय, म्हणजे माउस एक इंच सरकला की सेन्सर हालचालीचे किती टप्पे मोजतो तो आकडा. कुडाळला जा, चिपळूणला जा, रत्नागिरीत जा, काउंटरमागचा माणूस आधी तोच आकडा वाचून दाखवतो. गेम खेळणाऱ्याला या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. गणित करून बघा. १९२० पिक्सेल रुंदीचा मॉनिटर आहे, विंडोजमधला कर्सरचा वेग मधल्या खुणेवर आहे आणि माउस १६,००० डीपीआयवर लावलाय. माउस ३ मिलिमीटर सरकला की कर्सर स्क्रीनच्या या टोकाचा त्या टोकाला पोचतो. ३ मिलिमीटर म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा! एवढ्यात कोणाचा नेम लागणार आहे? व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये ८०० डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (माउस हलला की नजर किती वळते ते प्रमाण) ०.३ ठेवली, तर पूर्ण ३६० अंश वळायला माउस साधारण ५४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० आणि १.० ठेवलं तर ५२ सेंटिमीटर. नेमबाजीचे गेम गंभीरपणे खेळणारे बहुतेक जण ४०० ते १६०० डीपीआयमध्येच असतात. मग पोरांच्या खिशातून पैसे काढायला १६,००० चा आकडा पुढे का करता?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते स्वस्त माउसच्या बाबतीत. सेन्सर मुळात २४००-३२०० डीपीआयचा असतो, आणि फर्मवेअर, म्हणजे माउसच्या आतलं सॉफ्टवेअर, मधले टप्पे मनाने भरून खोक्यावर ७२०० लिहायची सोय करून देतं. कर्सर उड्या मारत जातो. नवशिक्या पोराला वाटतं आपलाच हात थरथरतोय, म्हणून तो महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसतो.

जो आकडा खरंच बघायचा, तो खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो किंवा छापलेलाच नसतो. तो म्हणजे आयपीएस, माउस एका सेकंदात किती इंच सरकला तरी सेन्सरला हालचाल नीट कळते तो वेग. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणारा माणूस मागे वळताना ४० सेंटिमीटरचा झटका ०.२ सेकंदात मारतो. म्हणजे सेकंदाला २ मीटर, जवळपास ७९ आयपीएस. बिननावाच्या माउसमधला ३० किंवा ६० आयपीएसचा सेन्सर तिथे हात टेकतो, आणि ऐन मारामारीत नजर आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे फिरते. पिक्सआर्ट या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचा ३३६० हा जुना सेन्सर २५० आयपीएसचा आहे, ३३२७ हा २२० चा, आणि ३३९५ तर ६५० चा. यातला कुठलाही चालेल. माणसाचा हात त्यांच्या पुढे जात नाही. दुकानदाराला सेन्सरचं नाव विचारा. त्याला सांगता आलं नाही आणि खोक्यावरही सापडलं नाही, तर तो माउस घेऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही. माउसची जेवढी परीक्षणं निघतात, ती सगळी एसी लावलेल्या कोरड्या खोलीत बसून केलेली. आपल्याकडे कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. कौलारू घरात भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज सोलून निघतात. त्याच हवेत, पडवीतल्या टेबलावर, तो माउस बारा महिने उघडा पडलेला असतो. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत माउस घेणाऱ्याचा पहिला प्रश्न 'हा ओलीत किती टिकेल' हाच असायला हवा, आणि त्याचं उत्तर ना खोक्यावर असतं, ना जाहिरातीत.

क्लिकचा स्विच घ्या. आत पत्र्याची एक बारीक पट्टी असते. बटण दाबलं की ती उडी मारून दुसऱ्या संपर्काला टेकते. संपर्क बहुतेक चांदीच्या मिश्रधातूचे. दमट, खाऱ्या हवेत त्यांच्यावर काळपट पापुद्रा धरतो. जास्त व्होल्टेज आणि करंट असलेल्या स्विचमध्ये हा पापुद्रा प्रत्येक दाबाला बारीक ठिणगीने जळून जातो. माउसमध्ये व्होल्टेज असतं ३ च्या आसपास आणि करंट अगदी नगण्य, त्यामुळे पापुद्रा जागचा हलत नाही. त्यातच पट्टीचा ताणही हळूहळू कमी होतो. मग एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं, किंवा दाबून धरलेलं मध्येच सुटतं. स्नायपरने निशाणा धरलाय आणि स्कोप आपोआप बंद! हा डबल क्लिकचा रोग किनाऱ्यावरच्या घराघरांत आहे, आणि खोक्यावर मात्र ठसठशीत छापलेलं असतं '५ कोटी क्लिक'. ते ५ कोटी मोजले कुठे? आषाढातल्या मालवणात तर नक्कीच नाही.

ज्याला परवडेल त्याने इथे ऑप्टिकल स्विचचाच माउस घ्यावा. त्यात धातूला धातू टेकून क्लिक होत नाही, अवरक्त प्रकाशाची तिरीप अडते किंवा मोकळी होते, आणि क्लिक नोंदला जातो. संपर्क नाही, म्हणून पापुद्रा नाही आणि डबल क्लिकही नाही. पुण्याच्या माणसाला ही चैन वाटेल, कोकणात ती गरज आहे. पण एकही दुकानदार हे आपणहून सांगत नाही, तो दिव्यांचे सोळा रंग दाखवत बसतो.

स्विच साधा असेल तर निदान तो बदलता येणारा आहे का, ते बघा. तीन पायांचा असतो आणि किंमत किरकोळ. तालुक्याच्या गावातला मोबाइल दुरुस्तीवाला तो अर्ध्या तासात बदलू शकतो. माउसच्या तळाच्या चकत्या काढायच्या, खालचे स्क्रू सोडायचे, झाकण उचलताना आतली रिबन किंवा बॅटरीची वायर ओढली जाणार नाही हे बघायचं. जुने तिन्ही पाय डिसोल्डरिंगच्या तांब्याच्या जाळीने मोकळे करायचे आणि नवा स्विच त्याच दिशेने बसवायचा. उलटा बसला तर वरचं बटण त्याच्या टोकाला टेकत नाही. डावा आणि उजवा दोन्ही एकदमच बदला, नाहीतर दोन बोटांना दोन वेगळे दाब लागतात. तळाच्या चकत्या एकदा काढल्या की परत नीट चिकटत नाहीत, म्हणून नव्या आधीच मागवून ठेवा. आणि कृपा करून स्विचमध्ये गंज सोडवायचं तेल मारू नका! घराघरांत बिजागरीवर मारतात तोच डबा माउसवरही मारतात. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर जांभ्याची लाल धूळ येऊन बसते. मारायचाच तर काँटॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे संपर्क साफ करायचा फवारा, मारा. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आतल्या भागांसाठी नको, बाकीचं बहुतेक पाणीच असतं त्यात. ९९ टक्क्यांचं मागवा.

चाकाचंही तेच. चाकाचा एनकोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग, यांत्रिक असेल तर त्याचे संपर्कही असेच खराब होतात. खाली फिरवलं की पान मध्येच वर उडी मारतं, आणि गेममध्ये बंदुकीऐवजी चाकू हातात येतो. ऑप्टिकल एनकोडर असला तर ही कटकट बरीच कमी होते.

मग ते मऊ रबरी कोटिंग. दुकानात हाताला मखमलीसारखं लागतं, म्हणून लोक भाळतात. हे पॉलियुरेथेनचं असतं, आणि हवेतल्या बाष्पाने त्याचं विघटन होतं. दोन-तीन पावसाळ्यांत माउस फणसाचा चीक लागल्यासारखा चिकट होतो. मग त्याच्यावर धूळ, केस, बोटांचे काळे ठसे. अल्कोहोलने पुसला तर ते कोटिंग लोळ्या होऊन निघतं आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. बाजूला चिकटवलेल्या रबराच्या पट्ट्यांचा गोंद घामाने सुटतो, तो वेगळाच. बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. साध्या, जरा खरखरीत प्लास्टिकचा माउस घ्या, तो दिसायला सामान्य असला तरी.

वजन कमी करायला पाठीवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेले माउसही इथे नकोत. त्या भोकांतून ओल जाते, धूळ जाते, आणि पहिल्या पावसात वारुळातून निघालेल्या बारीक मुंग्यांना कोरडी, उबदार जागा मिळते. हलका माउस हवाच, ६० ते ८५ ग्रॅमच्या मधला असेल तर मनगट दुखत नाही. पण बंद पाठीचे हलके माउस आता सहज मिळतात.

पॅडबद्दल थोडंच सांगतो. कापडी पॅड ओल शोषतो. मे महिन्यात भराभर सरकणारा माउस जुलैत त्याच पॅडवर जड होतो आणि बसलेला नेम बिघडतो. पावसाळ्यात तो धुवायलाही घेऊ नका, चार-चार दिवस वाळत नाही आणि खालच्या रबराला कुबट वास धरतो. धुवायचा तर गणपतीनंतर, ऑक्टोबरच्या उन्हात.

माउस हातात धरून बघायला मिळत नाही, याचा राग कोणावर काढायचा? खोकं फोडायचं नाही, हात लावायचा नाही, आधी पैसे द्यायचे. चप्पल घेताना पाय घालून बघतो ना आपण? हाताला न बसणाऱ्या माउसवर रोज चार तास काढले तर मनगटाची वाट लागते. म्हणून निदान घरी पट्टी घ्या. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजा. ढोबळ हिशेब असा, की माउसची लांबी हाताच्या साधारण ६० टक्के असावी. हात १८ सेंटिमीटरचा तर माउस १०८ मिलिमीटरच्या आसपास, हात २० चा तर १२० च्या आसपास. तळवा पूर्ण टेकवून धरत असाल तर थोडा लांब आणि फुगीर घ्या, नुसत्या बोटांच्या टोकांनी धरत असाल तर आखूड. लॉजिटेकचा जी १०२ हा ११६.६ मिलिमीटर लांब आणि ८५ ग्रॅमचा, तर त्याच अंगाचा बिनतारी जी ३०४ एक डबल-ए सेल धरून ९९ ग्रॅमचा. आकार तोच, पण हातात धरल्यावर फरक कळतो. हे आकडे पट्टीशेजारी ठेवून बघा. डावखुऱ्यांची तर कोणी दखलच घेत नाही. त्यांच्यासाठी दोन्ही बाजू सारख्या असलेला माउस मागवायचा, आणि अंगठ्याची बटणं नेमक्या कोणत्या बाजूला आहेत ते फोटोत तपासायचं. दिसायला सारख्या असलेल्या बऱ्याच माउसना ती डावीकडेच असतात, म्हणजे डावखुऱ्याच्या अंगठ्याला मिळतच नाहीत.

मग गणपतीत येणाऱ्या चाकरमान्याला निरोप जातो, 'दादा, लॅमिंग्टन रोडवरून एक गेमिंग माउस आण.' एवढंच. दादा बिचारा दिवे लागणारा, सगळ्यात मोठ्या आकड्याचा घेऊन येतो आणि विसर्जन झालं की मुंबईला परत जातो. माउस हाताला मोठा निघाला तर तो बदलून आणणार कोण? निरोपात चार गोष्टी लिहूनच द्या: मॉडेलचं पूर्ण नाव, लांबी, स्विचचा प्रकार, आणि बिल त्याच दिवसाच्या तारखेचं.

बिलाचं महत्त्व वॉरंटीला. वॉरंटी बऱ्याचदा दोन वर्षांची, आणि सेवा केंद्र घाटापलीकडे. वर अनेक वॉरंटींच्या अटींत पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. माउस उघडल्यावर हिरवट गंज दिसला की 'आत पाणी गेलंय' म्हणून तो परत पाठवायला मोकळे. पाणी गेलेलं नसतं, हवाच तशी आहे! इथल्या हवेत विकायचा माल इथल्या हवेसाठी धरायचा नाही, आणि खराब झाला की ग्राहकालाच निष्काळजी ठरवायचं, ही सरळसरळ लबाडी आहे. तक्रार करताना क्लिक तुटतो त्याचा व्हिडिओ काढा, आणि वॉरंटी चालू असेपर्यंत माउस स्वतः उघडू नका.

८००० हर्ट्झ पोलिंगच्या, म्हणजे माउस सेकंदाला ८००० वेळा संगणकाला कळवतो त्याच्या, नादालाही लागू नका. १००० हर्ट्झला माउस दर १ मिलिसेकंदाला संगणकाला कळवतो, ८००० ला दर ०.१२५ मिलिसेकंदाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र टिकतं १६.७ मिलिसेकंद. तो जादा पैसा मॉनिटरसाठी ठेवा.

नवा माउस हातात आला की पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत असताना, हे करा. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (माउस जोरात हलवला की कर्सर जास्त पळवणारी सोय) बंद करा. डेस्कटॉपवर डावं बटण दाबून चौकोन ओढा आणि दोन मिनिटं धरून फिरवत राहा. मध्येच सुटला तर स्विच खराब. लांबलचक पान उघडून चाक एकाच दिशेने हळूहळू फिरवा. एकदा जरी पान उलट गेलं तरी परत करा. माउसच्या कडांखाली जुन्या सीडी ठेवा, सेन्सरचं भोक मोकळं ठेवून. एक सीडी १.२ मिलिमीटर जाडीची. दोन सीडींवर उचलूनही कर्सर हलत असेल, तर माउस उचलून जागेवर आणताना दर वेळी नेम सरकणार. शेवटी पॅडवर एक खूण करा, माउस जोरात झटका मारून बाजूला न्या आणि हळूहळू खुणेवर परत आणा. गेममधली नजर जिथून निघाली तिथे परत आली नाही, तर सेन्सर झटक्याला पुरा पडत नाहीये.

आणि रात्री खेळून झालं की माउस टेबलावर उघडा टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते पुन्हा कोरडे करायला १०० अंशांच्या वर तापवावे लागतात, श्रावणातल्या उन्हाने ते होत नाही. त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका, एखादं जुनं भांडं वेगळं काढून ठेवा.